मायक्रोफायबरचे फडके: वापर, धुणे आणि निगा

मायक्रोफायबर म्हणजे एक डेनियरपेक्षा बारीक असा कृत्रिम तंतू. 9,000 मीटर लांबीच्या तंतूचे वजन जितके ग्रॅम भरते तितके त्याचे डेनियर. म्हणजे एक डेनियरचा तंतू नऊ किलोमीटर लांब काढला तरी तो वजनाला एकच ग्रॅम भरतो. रेशमाच्या तंतूची जाडी साधारण याच्या आसपास असते. पुसण्याच्या कापडातला तंतू त्याहूनही बराच बारीक असतो, कारण तो कारखान्यात फोडलेला असतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन हे दोन पदार्थ एकत्र ओढून एकच तंतू काढतात. तो आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मोसंबीच्या फोडींसारखे त्याचे भाग दिसतात. कापड विणून झाले की उष्णता, अल्कली आणि यंत्राचा ताण देऊन या फोडी सुट्या करतात. सुट्या झालेल्या प्रत्येक फोडीला कोनदार कडा असते आणि दोन फोडींमध्ये अतिशय अरुंद फट राहते. कडा धूळ खरवडून उचलते, फट ती धरून ठेवते. पाणी आणि तेलाचा ओशट थर केशाकर्षणाने त्याच फटींत ओढला जातो. कोरडे कापड घासले की स्थिर विद्युत निर्माण होऊन हलकी धूळ आपोआप चिकटते. या कापडाच्या निगेचे बहुतेक नियम एकाच गोष्टीतून निघतात: फटी मोकळ्या राहिल्या तर कापड काम करते, बुजल्या तर ते प्लास्टिकचा साधा तुकडा होते.

इतक्या बारीक तंतूचे उत्पादन जपानमध्ये साध्य झाले. तोरे या कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांच्या संशोधनातून 1970 मध्ये अल्ट्रास्वेड हे हरणाच्या कातड्यासारखे मऊ कापड बाजारात आले. पुसण्यासाठी फोडलेल्या तंतूंची कापडे त्यानंतरची. महाराष्ट्रात ती मोटारींची दुकाने, मोठी कार्यालये, हॉटेले आणि खासगी रुग्णालये यांच्या साफसफाईतून आली आणि तिथून घराघरांत पोचली. त्याआधी घरात जुन्या धोतराचे किंवा बनियनचे फडके असे, कार्यालयात पिवळे डस्टर, गॅरेजमध्ये कॉटन वेस्ट आणि हौशी मोटारमालकाकडे शॅमॉय कातडे. सुती फडके उकळता येते, दगडावर आपटता येते, वडी लावून ब्रशने घासता येते, कडक उन्हात टाकता येते. साफसफाईच्या कामात आलेल्या बहुतेक माणसांचे हात याच सवयींवर तयार झालेले असतात. नव्या कापडाचे आयुष्य कमी होते ते बहुधा निष्काळजीपणामुळे होत नाही. सुती कापडाची घ्यायची तशीच काळजी या कापडाची घेतल्यामुळे ते कमी होते.

निगेची सुरुवात खरेदीपासून होते. वेष्टनावर सहसा दोन आकडे असतात. पहिला पॉलिएस्टर आणि नायलॉनचे प्रमाण सांगतो: 80-20 किंवा 70-30. नायलॉन पाणी अधिक शोषते आणि कापडाला मऊपणा देते. म्हणून गाडीच्या रंगावर फिरवायच्या कापडात त्याचा वाटा जास्त असलेला बरा. दुसरा आकडा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. काच आणि आरसे यांसाठी 200 ते 300 जीएसएमचे, आखूड लवेचे कापड पुरते. फर्निचर, डॅशबोर्ड, ओटा यांसाठी 300 च्या आसपासचे, पॉलिश उतरवण्यासाठी 350 ते 400 चे आणि धुतलेली गाडी कोरडी करण्यासाठी 500 च्या पुढचे जाड कापड वापरतात. छापलेला आकडा खरा आहे का, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळते. 40 सेंटिमीटर बाजूचे चौकोनी कापड 350 जीएसएमचे असेल तर त्याचे वजन सुमारे 56 ग्रॅम भरायला हवे. ते 35 ग्रॅम भरले तर आकडा खोटा आहे.

तंतू फोडलेला आहे की नाही, हे वजनावरून कळत नाही. त्यासाठी कामावरचे लोक दोन परीक्षा करतात. फरशीवर थोडे पाणी सांडून कापड त्यावरून ओढायचे. तंतू फोडलेला असेल तर पाणी उचलले जाते, नसेल तर कापड पाणी पुढे ढकलत नेते. दुसरी परीक्षा हाताची आहे. फोडलेला तंतू कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला अडकतो. रोज डिटर्जंटच्या पाण्यात हात असणाऱ्याला हे कापड बोटांना ओढल्यासारखे लागते आणि ते त्याला आवडत नाही. पण तो त्रास हीच चांगल्या कापडाची खूण असते. काही दिवसांनी कापड हाताला अडकेनासे झाले, गुळगुळीत लागू लागले, तर त्याच्या फटी भरल्या असे समजावे.

नवे कापड थेट वापरायला घेऊ नये. त्यावर विणकामातले सुटे तंतू आणि जादा रंग असतो. लाल, निळी, काळी कापडे पहिल्या एकदोन धुण्यांत रंग सोडतात. म्हणून पहिली धुलाई रंगवार वेगळी करावी. कडेला शिवलेली चिठ्ठी कात्रीने काढून टाकावी, कारण गाडीच्या रंगावर तिची कडक कड ओरखडा काढते. कापताना शिवण मात्र उसवू देऊ नये.

वापरतानाच कापड किती मळेल आणि पुढे किती सहज धुतले जाईल हे ठरते. चौकोनी कापड दोनदा घडी घातले की चार थर होतात आणि दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पृष्ठे मिळतात. एक मळले की घडी उलटायची. चुरगळून बोळा केलेल्या कापडाचा एकच भाग पुन्हा पुन्हा वापरला जातो आणि बाकीचे कापड कोरे राहते. शिवाय मळ एका जागी खोल दाबला जातो. दाबही कमी लागतो. सुती फडक्याला जोर द्यावा लागे, या कापडाला दिलेला जोर धूळ फटीत जाऊ देण्याऐवजी पृष्ठभागावर घासतो.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो मोटारीवर. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पहाटे गाड्या पुसणारी माणसे एक बादली आणि दोन-तीन कापडे घेऊन ओळीने अनेक गाड्या पुसतात. बांधकामाची धूळ, रस्त्याची रेती, कोकणातून आलेल्या गाडीवरची तांबडी माती हे सारे त्याच बादलीत उतरते आणि पुढच्या गाडीवर फिरते. असे काही महिने झाले की उन्हात किंवा पार्किंगच्या दिव्याखाली रंगावर गोल बारीक ओरखडे चमकू लागतात. ओरखडे कापड काढत नाही, कापडात राहिलेला कण काढतो. म्हणून या कामातले जाणते लोक दोन बादल्या ठेवतात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक कापड खळबळण्याची. गाडीचे वरचे भाग आधी आणि दाराचा खालचा भाग शेवटी घेतात, आणि चाकांचे कापड कधीही वर नेत नाहीत. जमिनीवर पडलेले कापड त्या दिवशी पुन्हा रंगाला लावायचे नाही, हा नियम गाड्या चकचकीत करून देणाऱ्या डिटेलिंगच्या दुकानांत नवीन मुलाला पहिल्यांदा शिकवला जातो. झटकून कण निघाला असे वाटते, पण ज्या गुणासाठी हे कापड घेतले तोच गुण तो कण सोडत नाही.

कापडाचे नुकसान करणाऱ्या गोष्टी मुख्यतः चार. पहिली फॅब्रिक सॉफ्टनर. कपडे मऊ आणि सुगंधी करणारे हे द्रव तंतूवर स्निग्ध थर चढवते. अंगावरच्या कपड्यांना त्याने मऊपणा येतो, पुसण्याच्या कापडाच्या फटी मात्र लिंपल्या जातात आणि ते काचेवर तेलकट रेघा ओढते. दुसरी उष्णता. पॉलिएस्टर 250 ते 260 अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते आणि नायलॉन 6 सुमारे 220 अंशांना. पण दोन्ही पदार्थ नरम पडायला त्याच्या फार आधी सुरुवात होते. उकळते पाणी, जास्त तापमानावरचा ड्रायर किंवा इस्त्री यांनी तंतूंची टोके आकसतात, एकमेकांना चिकटतात आणि लव खरखरीत होते. हे नुकसान परत भरून येत नाही. तिसरी क्लोरीनचे ब्लीच. ते पॉलिएस्टरला फारसे काही करत नसले तरी नायलॉनची साखळी तोडते. रंग उडण्याआधीच कापड आतून झिजू लागते. चौथी सुती कापडांची सोबत. टॉवेल, चादरी, बनियन यांच्यासोबत धुतले की त्यांचा कापूस या कापडात अडकतो आणि नंतर आरशावर पांढऱ्या तंतूंच्या रूपाने उतरतो.

धुण्याआधी कापडांची वाटणी करावी. काच आणि आरसे, घरातली धूळ, स्वयंपाकघराचा ओशटपणा, संडास-न्हाणीघर, गाडीचा रंग, गाडीची चाके असे गट एकत्र धुवायचे नसतात. ही वाटणी धुण्याच्या वेळी आठवून होत नाही, म्हणून ती रंगाने बांधून घेतात. ब्रिटनमधल्या साफसफाईच्या पद्धतीत लाल रंग स्वच्छतागृहांना, निळा सामान्य जागांना, हिरवा खाद्यपदार्थांच्या जागांना आणि पिवळा विलगीकरण कक्षांना देतात. कोणता रंग कशाला, हे प्रत्येक संस्था वेगळे ठरवू शकते. ठरवलेले सर्वांना माहीत असणे आणि ते न बदलणे महत्त्वाचे. घरात दोन रंगांवरही काम भागते.

वाटणी झाली की कापडे बाहेर जोरात झटकावीत. सुटी धूळ आणि वाळू पाण्यात जाण्याआधीच गेली पाहिजे. मग कोमट पाण्यात थोडे द्रव डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवावीत. चिमणीची जाळी किंवा शेगडी पुसलेल्या कापडावर भांडी घासायचे द्रव आधी थेट लावावे. ते तेल सोडवते. द्रव वापरण्यामागे कारण आहे. थंड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि तिचे कण लवेत बसतात. धुण्याच्या वडीत तर कॅल्साइट, डोलोमाइट, चिनी माती यांसारखे न विरघळणारे भरताड असते. वडी थेट कापडावर चोळणे म्हणजे बारीक दगडाची पूड आपल्या हाताने फटींत भरणे. डिटर्जंट थोडेच लागते. फेस जास्त झाला की तो निघण्यासाठी पाणी जास्त लागते, आणि न निघालेला साबण पुढच्या वेळी काचेवर ढगाळ डाग बनून येतो.

हाताने धुताना कापड दोन्ही तळव्यांत धरून स्वतःवरच चोळावे, दाबावे, सोडावे. आपटणे, धोपाटण्याने बडवणे आणि ताठ ब्रश टाळावा, कारण लवेच्या कड्या तुटतात. मशीनमध्ये धुताना पाणी 40 अंशांचे ठेवावे. फार मळलेल्या कापडांसाठी वेष्टनावर परवानगी असेल तर 60 अंशांपर्यंत जाता येते. चेन, हूक किंवा वेल्क्रो असलेले कपडे त्या खेपेत नसावेत. जादा खळबळण्याची सोय असलेल्या मशीनमध्ये ती चालू करावी. साबण गेला की नाही हे पाहायची रीत साधी आहे: धुतलेले कापड स्वच्छ पाण्याच्या तांब्यात किंवा वाटीत पिळायचे. फेस दिसला तर आणखी एकदा खळबळायला हवे.

दख्खनच्या पठारावर बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या वस्त्यांत आणखी एक अडचण असते. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते कापडात साचत गेले की सॉफ्टनर न लावताही कापड ताठ होते. अशा ठिकाणी शेवटच्या खळबळण्याच्या अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर किंवा चमचाभर लिंबूफूल घालावे. आम्लाने क्षार सुटतात. त्यानंतर साध्या पाण्यातून कापड एकदा काढावे. व्हिनेगर किंवा लिंबूफूल ब्लीचसोबत कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. सॉफ्टनरने बुजलेले कापडही कधी कधी असेच परत येते: कोमटाहून थोडे गरम पाणी, भांड्यांचे द्रव, दीर्घ भिजवण आणि दोन-तीन खळबळण्या. उष्णतेने आकसलेल्या कापडावर मात्र हा उपाय चालत नाही.

वाळवताना सावली आणि वारा पुरतो. या तंतूत पाणी आत फारसे मुरत नाही, ते फटींत आणि लवेत अडकलेले असते. म्हणून नीट पिळलेले कापड सुती कापडाच्या आधी वाळते. दीर्घकाळ कडक उन्हात ठेवल्यास नायलॉन पिवळे पडते आणि ठिसूळ होते. रस्त्याकडेच्या दोरीवर टाकले तर कापड वाळेपर्यंत नवी धूळ गोळा करते, म्हणून बाल्कनीची आतली बाजू बरी. पावसाळ्यात बादलीच्या काठावर घडी करून ठेवलेले ओले कापड दुसऱ्या दिवशी कुबट वास देते. तो वास मळाचा आणि त्यावर वाढलेल्या सूक्ष्मजीवांचा असतो. सुगंधी द्रव टाकून तो फक्त झाकला जातो, नाहीसा होत नाही. पुन्हा धुऊन, पंख्याखाली एक एक कापड सुटे पसरून वाळवणे हाच उपाय. ड्रायर असेल तर सर्वांत कमी तापमान वापरावे आणि आधीच्या खेपेचा कापूस जाळीतून काढून टाकावा.

काही कापडे धुण्याच्या पलीकडे जातात. गाडीच्या रंगावर चढवायचे सिरॅमिक कोटिंग पुसलेले कापड वाळले की त्यातला थर कडक होतो आणि ते रंगासाठी कायमचे निकामी होते. पॉलिशच्या कंपाउंडमध्ये घासणारे कण असतात. ते कापड धुऊनही काचेला किंवा रंगाला लावू नये. जवसाच्या तेलासारखे वाळणारे तेल पुसलेली फडकी तर धोक्याची असतात. अशा तेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता निर्माण होते आणि बोळा करून टाकलेले फडके आपोआप पेटू शकते. ते मोकळे पसरून वाळवावे आणि ड्रायरमध्ये कधीही घालू नये. बाकीच्या कापडांची पायरी उतरवत न्यावी: रंगाचे कापड जुने झाले की गाडीच्या आतल्या भागाला, मग दाराच्या खाचांना, मग चाकांना, शेवटी इंजिनाला. उतरलेले कापड परत वर चढवायचे नाही. पायरी बदलली की कोपरा कापून खूण करतात, म्हणजे घाईतही चूक होत नाही.

रुग्णालयात या साऱ्याला आणखी कडक शिस्त लागते. एका खाटेभोवतीचे कापड दुसऱ्या खाटेला लावायचे नाही आणि वापरलेले कापड स्वच्छ द्रावणाच्या बादलीत परत बुडवायचे नाही. पुरेशी कापडे आधीच भिजवून नेली तरच हे जमते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत रुग्णालयीन कपड्यांच्या निर्जंतुकीकरणासाठी 65 अंशांना किमान 10 मिनिटे किंवा 71 अंशांना किमान 3 मिनिटे असा निकष आहे. एवढे तापमान सोसेल असे लिहिलेलेच कापड तिथे घ्यावे लागते. आपल्या रुग्णालयांत रक्त किंवा इतर स्राव सांडल्यास सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. नायलॉन असलेले कापड त्यात टिकत नाही. त्या जागी एकदाच वापरून टाकायचे कापड योग्य.

धुण्याला एक बाजू अशीही आहे जी बादलीबाहेर दिसत नाही. कृत्रिम कापड दर धुण्यात अतिसूक्ष्म तंतू सोडते आणि ते सांडपाण्यातून नदी-समुद्रापर्यंत जातात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार सहा किलो कृत्रिम कपड्यांच्या एका धुण्यातून लाखो तंतू सुटू शकतात. जोरदार घासणे, गरम पाणी आणि वारंवार धुणे यांनी हे प्रमाण वाढते. घरातली कोरडी धूळ पुसलेले कापड दर वेळी धुण्याऐवजी झटकून पुन्हा वापरणे, थोडी कापडे साठवून एकत्र धुणे, मशीनच्या जाळीतला कापूस मोरीत न सोडता कोरड्या कचऱ्यात टाकणे एवढे कोणालाही करता येते. निकामी झालेले कापडही कोरड्या कचऱ्यातच जावे. ते कुजत नाही, त्यामुळे खताच्या खड्ड्यात त्याला जागा नाही.

स्वच्छ, वाळलेली कापडे गटागटाने झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवावीत. उघड्या फळीवर ठेवलेले कापड वापरण्याआधीच धूळ धरते. गटाचे नाव डब्यावर लिहिलेले असले की नव्या माणसालाही विचारावे लागत नाही.

यातले बरेच नियम साफसफाई करणाऱ्या माणसांना काम करता करता कळतात. तरीही ते पाळणे न जमण्याची कारणे वेगळी असतात. गाडी पुसणाऱ्याला महिन्याचा दर गाडीमागे मिळतो आणि त्यात कापडे धुण्याचा वेळ कुणी धरलेला नसतो. हाऊसकीपिंगच्या मावशींना सकाळी कापडे मोजून दिली जातात, पण ती धुवायला नळ, बादली आणि वाळत घालायला दोरी कुठे हे ठरलेले नसते. मग एकच कापड दिवसभर फिरते आणि दोष कापडाला किंवा मावशींना लागतो. महागडी कापडे विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. एका कामासाठी एक कापड हातात, एक धुण्यात आणि एक वाळत, अशी किमान तीन कापडे लागतात. ती धुण्याचा वेळ, पाणी, द्रव डिटर्जंट आणि वाळवण्याची सावलीतली जागा हा साफसफाईच्या खर्चाचाच भाग आहे. सोसायटी, कार्यालय किंवा घर, जिथे कुठे कामाचा दर ठरतो, तिथे हा खर्च त्यात धरावा.